ताईचा डावा कान

इस्पितळात त्यांना सगळे बटणबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण म्हणत. कान तपासायची छोटी खोली त्यांच्या ताब्यात होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच सांगत, "आवाज आला की बटण दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं. नाही आला तर उगाच दाबायचं नाही." हे त्या सव्वीस वर्षं सांगत होत्या. बहिऱ्या माणसाला सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडलं की रागावल्यासारखं वाटतं, म्हणून हसत ओरडायचं. संध्याकाळी घरी निघताना त्यांचा घसा बसलेला असे आणि गाल दुखत असत.

खोली कान-नाक-घसा विभागाच्या अगदी टोकाला होती. भिंतींना राखाडी फोम लावलेला, खालच्या बाजूला लहान मुलांनी नखांनी कुरतडलेला. मधे काच. काचेपलीकडे पेशंटची खुर्ची, अलीकडे बाई आणि त्यांचं यंत्र. दार लावलं की बाहेरच्या बाकांवरचा कल्ला एकदम तुटायचा. पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंख्याची घरघर तपासणीत मिसळते. उन्हाळ्यात काचेच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं घामानं निथळत एकमेकांकडे बघत बसायची.

लोक कान घेऊन यायचे आणि कानाबरोबर सगळं घर घेऊन यायचे. एक आजोबा ठासून सांगत होते, "मला सगळं ऐकू येतं, हीच हल्ली पुटपुटते." आजी दारातून म्हणाल्या, "मी लग्नापासून पुटपुटतेय. तेव्हा बरं ऐकू यायचं." कुणी कानात काडी मोडून घेऊन यायचं. एका बाईच्या कानात सासूनं, दिरानं आणि शेजारणीनं आळीपाळीनं तीन वेगळी तेलं ओतली होती आणि तिघांनाही खात्री होती की गुण आपल्याच तेलाचा. सुरुवातीची काही वर्षं बटणबाई या गोष्टी घरी जाऊन ताईला रंगवून सांगत. मग त्या सांगेनाशा झाल्या. गोष्टी संपल्या नव्हत्या. सांगायचा उत्साह संपला होता.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या आणि ताई सतरा. वडील कामावर जात, परत येत आणि खिडकीत गप्प बसत. तेव्हा ताईनं शाळा सोडली आणि शिलाई मशीन घेतलं. शर्टांच्या कॉलरी शिवून तिनं धाकटीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि चौथ्या वर्षी धाकटीचा नवरा गेला तेव्हा तिला परत घरी आणलं. त्या चार वर्षांबद्दल बाई कुणाशी बोलत नसत, तेव्हा आपणही नको. दोघी दोन खोल्यांच्या घरात राहत होत्या. ताईनं स्वतः लग्न केलं नव्हतं.

त्याला कारण तिचा डावा कान होता, असं ती कधी म्हणाली नाही, पण दोघींना माहीत होतं.

सात वर्षांची असताना ताईला एकामागून एक सर्दीताप आले आणि कान फुटला. फुटला तो वाहतच राहिला. कधी महिनाभर थांबायचा, मग उशी ओली व्हायची. दुखत नसे. पण वास यायचा. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे. म्हणून ताई कानात कापसाचा बोळा घालायची आणि त्यावर अत्तराचा एक थेंब टाकायची. रोज सकाळी, वेणी घालायच्या आधी. त्या कानानं तिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं, त्यामुळे धाकटी लहानपणापासून तिच्या उजव्या हाताला चालायची. सवय इतकी हाडीमासी मुरली होती की बाई कुणाबरोबरही चालताना आपोआप उजवीकडे जात.

ताईला अकराव्या वर्षी एका दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या कंपाउंडरनं मोठी पिचकारी घेतली आणि गार पाणी जोरात कानात मारलं. ताईच्या भोवती अख्खी खोली फिरली. ती खुर्चीवरून खाली पडली आणि कंपाउंडरच्या बुटांवर ओकली. रांगेतली माणसं हसली. त्या दिवसापासून ताईचा नियम होता, की माझ्या कानाला कुणी हात लावायचा नाही.

नोकरी लागली त्या वर्षी बाईंनी तिला गोडीगुलाबीनं इस्पितळात नेलं होतं. ताई बाकावर दहा मिनिटं बसली, समोर कानात नळी घालून पू ओढताना पाहिलं आणि पाणी पिऊन येते म्हणून गेली ती थेट घरी. संध्याकाळी म्हणाली, "तुझ्या नव्या नोकरीची हौस माझ्या कानावर नको." त्यानंतर बाईंनी अधूनमधून विषय काढला. आधी वर्षातून एकदा, मग दोन-तीन वर्षांतून एकदा. गेली दहा वर्षं काढलाच नव्हता. खरं सांगायचं तर त्यांना ते सोयीचं होतं. दिवसभर वीस-बावीस लोकांचे चाळीसेक कान बघून घरी आलेल्या माणसाला आणखी एक कान नको असतो.

त्या वर्षी बाईंना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

एका मंगळवारी सकाळी दोघी चहाला बसल्या. ताईनं घोट घेतला आणि चहा तिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळून हनुवटीवर आला. तिनं रुमालानं पुसला. पुन्हा घोट घेतला. पुन्हा ओघळला. बाई वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी मान वर केली ती रुमाल टेबलावरून पडला म्हणून.

"काय झालं गं?"

"काही नाही. कप फुटका आहे."

कप फुटका नव्हता. ताईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बाई उठल्या आणि तिच्यासमोर जाऊन वाकल्या.

"भुवया वर कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना."

उजवी भुवई वर गेली. डावी जागची हलली नाही.

"डोळे मीट."

उजवा डोळा मिटला. डाव्यात पांढरी फट उरली.

मेंदूतल्या झटक्यानं तोंड वाकडं झालं तर कपाळ सहसा वाचतं, हे बाईंनी डॉक्टरांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. ताईचं कपाळ मधोमध वाटून घेतल्यासारखं झालं होतं, एका बाजूला आठ्या आणि दुसरीकडे गुळगुळीत. चेहरा हलवणारी नस कानाच्या आतल्या हाडातून जाते. बाई खाली बसल्या.

"गरगरतं का?"

"नाही."

"ताई."

"थोडंसं. भिंतीला धरलं की बरं वाटतं."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले असतील."

"तीन आठवडे तू भिंतीला धरून चालतेयस आणि मला पत्ता नाही?"

"तू दमून येतेस," ताई म्हणाली. तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तेच बाईंना जास्त लागलं.

या खेपेला ताई फारसा वाद न घालता निघाली. बहुधा घाबरली होती. गाडीत ती डोळे उघडे ठेवून समोरच्या सीटच्या पाठीवर नजर रोवून बसली होती, कारण बाहेर बघितलं की मळमळायचं. बाई तिच्या उजवीकडे बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच त्यांना अत्तराखालचा तो दुसरा वास स्पष्ट आला. रोज त्याच घरात राहून तो नाकाला कळेनासा झाला होता.

बाकांवर साठ-सत्तर माणसं होती. शिपायानं पुढे न्यायची खटपट केली, पण विभागप्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमनीच दारातून ताईचा चेहरा पाहिला आणि हातानं आत बोलावलं. तपासायला छोटी डॉक्टर बसली होती, दीड वर्षापूर्वी आलेली, हलक्या हातांची. तिनं आधी विचारलं, "मावशी, पाणी मारणार नाही. फक्त दुर्बिणीतून बघते आणि घाण ओढून घेते. आवाज मोठा येईल. चालेल?"

ताईनं बहिणीकडे पाहिलं. बाईंनी तिचा हात धरला. बोळा निघाला. छोट्या डॉक्टरनं नाक मुरडलं नाही, हे बाईंनी मुद्दाम बघून घेतलं.

नळीनं पू ओढून झाल्यावर आतून पांढरे पापुद्रे निघू लागले, कांद्याच्या सालीसारखे, एकावर एक. छोटी डॉक्टर ते ओढत राहिली. मग तिनं कानाच्या तोंडाशी बोटानं हलकेच दाबलं. ताई किंचाळली आणि बाईंच्या दंडाला लोंबकळली. तिचे डोळे एका बाजूला झटके देत सरकत होते. डॉक्टरनं लगेच बोट काढलं.

"मॅडम," तिनं हाक मारली, "जरा बघता?"

मोठ्या मॅडमनी बघितलं, सीटी स्कॅन काढायला सांगितला, आणि दुपारी फिल्म उजेडासमोर धरून बाईंना बोलावलं. बाईंना वाचता येत होती, तरी मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, पेशंटच्या नातेवाइकाला सांगतात तसं. बाईंना त्याबद्दल पुढे बरं वाटलं. पडद्याला पडलेल्या भोकातून बाहेरची कातडी आत शिरली होती आणि वर्षानुवर्षं आतल्या आत साठत गेली होती. तिची पिशवी झाली होती आणि ती पिशवी हाड खात होती. ऐकण्याची बारीक हाडं गेली होती. तोल सांभाळणाऱ्या नळीला भोक पडलं होतं, म्हणून गरगर. चेहऱ्याच्या नसेवरचं हाडाचं कवच विरघळलं होतं.

"वर मेंदूच्या बाजूचं हाड कागदाएवढं उरलंय," मॅडम म्हणाल्या. "पिशवी काढावी लागेल. आजपासून सलाईनमधून औषध सुरू करू आणि परवा टेबलावर घेऊ. ऐकू येईल असं मी म्हणत नाही. जीव आणि चेहरा वाचवायचाय."

"चेहरा येईल?"

"नस तुटली नसेल तर येईल. पण वेळ लागेल. आणि पूर्वीसारखा येईलच असं नाही." मग जरा थांबून, "ऑपरेशनआधी ऑडिओग्राम लागेल. दुसऱ्या इस्पितळातून टेक्निशियन मागवू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "मीच करते."

त्यांनी ताईला काचेपलीकडे बसवलं आणि हेडफोन लावला. हातात बटण दिलं. रोजचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी त्यांनी एवढंच म्हटलं, "तुला माहीतच आहे."

उजव्या कानाला चांगलं ऐकू येत होतं, वयाच्या मानानं उत्तम. मग डावा. चांगला कान वाईटाची मदत करायला धावतो, म्हणून त्या कानात शूऽऽ असा पाण्याच्या नळासारखा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. बाईंनी तो सोडला आणि डावीकडे सूर द्यायला सुरुवात केली. ताईनं बटण दाबलं. आणखी बारीक दिला. दाबलं. आणखी बारीक. दाबलं. असा कान असलेल्या बाईला एवढं ऐकू येणं शक्यच नव्हतं. बाईंनी काहीच न देता नुसता खांदा हलवला. ताईनं बटण दाबलं.

अशी माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. नोकरी जाईल म्हणून घाबरलेले ड्रायव्हर, सुनेसमोर हरायचं नसलेले सासरे. काचेतून तपासणाऱ्याचा हात बघायचा आणि अंदाजानं दाबायचं. उपाय सोपा असतो, पेशंटची खुर्ची भिंतीकडे फिरवायची. बाई आत गेल्या आणि त्यांनी ताईची खुर्ची फिरवली.

पुन्हा सूर दिले. यंत्राचा काटा अगदी वरपर्यंत नेला. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या ताईचा अंगठा बटणावर होता आणि तो हलत नव्हता. बाईंनी कागदावर निळ्या पेन्सिलीनं खुणा केल्या. सगळ्या खाली, प्रत्येकीला खालच्या दिशेचा बाण, म्हणजे ऐकूच आलं नाही. मग त्या आत जाऊन दाराला टेकल्या. दार लावलेलं होतं. दोघींच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"का दाबत होतीस?"

"कान चांगला आहे म्हटल्यावर कापणार नाहीत असं वाटलं."

"चांगला आहे?"

"मला काय विचारतेस? तूच बघितलंस ना." ताई भिंतीकडेच बघत होती. "मला घरी ने. तोंड वाकडं तर वाकडं. या वयात मला कुठे मिरवायचंय?"

"मेंदूत जाईल ते."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय, ताई?"

"तुला कळत नाही," ताई म्हणाली. "इतकी वर्षं मी ते झाकलं. आज त्या मुलीनं बोळा काढला आणि खोलीत चार माणसं होती. परवा दहा असतील. दिवे लावून बघतील."

बाई खाली बसल्या, फोमच्या भिंतीला पाठ लावून, पेशंटच्या खुर्चीच्या पायाशी. पाय लांब केले. कित्येक वर्षांत त्या ड्यूटीवर असताना जमिनीवर बसल्या नव्हत्या.

"मला तुला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तुझ्या कानाचं मी विचारायचं बंद केलं ते तुला वाईट वाटेल म्हणून नव्हे. मला कंटाळा आला होता. दिवसभर कान, कान, कान. घरी आल्यावर तुझा कान मला बघायचा नव्हता. मला माहीत होतं आत काय होत असणार. लोकांना मी ओरडून सांगते, वाहता कान अंगावर काढू नका. आणि घरी कानाडोळा केला."

 ताईनं खुर्ची पायानं ढकलत वळवली.

"मला माहीत होतं ते," ती म्हणाली. "तू दमून यायचीस, मला सुटल्यासारखं वाटायचं. चला, आज विचारणार नाही. मीही त्याचा फायदाच घेतला की." अर्ध्या चेहऱ्यानं ती हसली आणि ते फार विचित्र दिसलं. "दुखेल का गं?"

"भूल देतात. नंतर दुखेल. गरगरेल. ओकशीलसुद्धा."

"कुणाच्या बुटांवर?"

"माझ्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं ते आवरेना, आणि मग रडू आलं तेही आवरेना. बाहेरून कुणीतरी दार ठोठावून गेलं. दोघींना ते ऐकू आलं नाही.

ऑपरेशनला पाच तास लागले. पहिला तास बाई थिएटरबाहेर बसल्या. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं आणि तरी त्या त्याच्याकडेच बघत होत्या. मग उठून सरळ आपल्या खोलीत गेल्या. बाकावर माणसं थांबली होती. त्यांनी सहाजणांचे कान तपासले. चौथा एक सुतार होता. तो गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की लाल खुणा उजव्या कानाच्या आणि निळ्या डाव्या कानाच्या, त्या आपण उलट केल्यात. त्या जिन्यापर्यंत धावत गेल्या. सुतारानं कागद परत दिला आणि म्हणाला, "बाई, तुमची तब्येत बरी नाही का?" सव्वीस वर्षांत त्यांच्याकडून अशी चूक झाली नव्हती, निदान लक्षात आलेली तरी नव्हती. त्यांनी कागद फाडला, सुताराला पुन्हा काचेपलीकडे बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुपारी मोठ्या मॅडम डोक्यावरची टोपी न काढताच खोलीशी आल्या. "पिशवी सगळी काढली," त्या म्हणाल्या. "नस सुजलीय, पण अखंड आहे. नळीचं भोक बुजवलं. ऐकण्याचं काही राहिलं नाही त्या कानात." मग आतल्या पेशंटकडे बघून म्हणाल्या, "यांचं होऊ दे. मग या वर."

पुढचे दिवस कठीण गेले. ताईनं ऑपरेशनबद्दल तक्रार केली नाही. तक्रार होती ती इतर सगळ्याची. डोकं हलवलं की खोली फिरायची. डोळा मिटत नसे म्हणून त्यात तासातासाला थेंब घालावे लागत आणि झोपताना पापणीवर पट्टी चिकटवावी लागे. जिभेची डावी बाजू लोखंड चाटल्यासारखी लागायची. "भात लोखंडाचा, दूध लोखंडाचं," ताई म्हणायची. "अर्धं जेवण मी जेवतेय आणि अर्धं कुठलातरी कारखाना." चव सांगणारी एक बारीक तार कानातून जाते आणि ती काढावी लागली, हे बाईंनी तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्या खेकसल्या, "तार गेलीय, ताई! आता मी आणू कुठून?" मग मोरीत जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या.

त्या सकाळी ताईचं करून कामावर जात, दुपारी शेजारच्या वहिनी थेंब घालायला येत, संध्याकाळी परत आल्या की कानाची पट्टी. आठवडाभरानं तोल जरा सावरला. तीन आठवड्यांनी कानातलं पॅकिंग काढलं तेव्हा छोट्या डॉक्टरनं ताईला पडद्यावर तिचा कान दाखवला. आत एक मोठी, गुलाबी, स्वच्छ पोकळी होती. ताई डोळे बारीक करून बघत राहिली. "एवढी जागा?" ती म्हणाली. "एक भाडेकरू ठेवता येईल." छोटी डॉक्टर इतकी हसली की बाहेरच्या बाकावरच्यांनी माना वळवल्या. अत्तराची बाटली ताईनं नंतर कधीतरी वहिनींना देऊन टाकली. दिली कधी ते बाईंना कळलंही नाही.

चेहऱ्यानं मात्र सगळ्यांचा अंत पाहिला. महिना गेला, दीड महिना गेला. ताई आरशासमोर बसून मॅडमनी सांगितलेले व्यायाम करायची. गाल फुगव, ओठांचा चंबू कर, भुवया वर. बाई यंत्रासमोर लोकांच्या चेहऱ्याकडे बघायच्या तशा तिच्याकडे बघत बसायच्या. काही हलत नव्हतं. दोन महिने होऊन गेल्यावर एका सकाळी ताईनं हाक मारली. गालाचा कोपरा किंचित, माशी बसल्यावर कातडी थरथरते तेवढाच, हलला. मग हळूहळू डोळा मिटू लागला. पुढे ओठही बराचसा सरळ झाला. हसली की तो अजून थोडा डावीकडून मागे राहतो. चहा ओघळत नाही.

चौथ्या महिन्यात बाईंनी आठ दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे त्यांना सुचेना. त्यांनी "घरगुती काम" असं लिहिलं. मोठ्या मॅडमनी सही करताना विचारलं, "काय काम काढलंय?"

"झोपायचंय," बाई म्हणाल्या.

रजेच्या तिसऱ्या दिवशी ताईची कान स्वच्छ करायची तारीख होती. पोकळी दर काही महिन्यांनी साफ करावी लागते, जन्मभर. बाई सकाळी उठून तयारीला लागल्या तर ताई चप्पल घालून, फाइल काखेत घेऊन दारात उभी.

"थांब, मी येते."

"तू कशाला? मला रस्ता माहीत आहे. बाक माहीत आहेत. ती मुलगी माहीत आहे."

"गरगरलं तर?"

"तर भिंती आहेतच."

"ताई, रस्ता ओलांडताना डावीकडून गाडी आली तर तुला..."

"पासष्टीला टेकले मी. आजवर काय उडत रस्ता ओलांडत होते?" ताई म्हणाली. "झोप तू. रजा काढलीस ना झोपायला? मग झोप."

बाई खिडकीशी गेल्या. ताई फाटकातून बाहेर पडली, कडेला थांबली आणि आधी सगळं अंग डावीकडे वळवून, नीट बघून, मग पलीकडे गेली. फाइल घट्ट धरली होती. वळणावर ती दिसेनाशी झाली.

बाई पलंगावर आडव्या झाल्या. त्यांना वाटलं झोप लागणार नाही. कित्येक महिन्यांत त्या अशा दिवसाउजेडी आडव्या झाल्या नव्हत्या. जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन खाली उतरून जमिनीवर आलं होतं आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता.

"आलीस?" त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही. ताईची पाठ इकडे होती आणि चांगला कान भिंतीकडे. बाई उठून दारात गेल्या.

"आलीस कधी?"

ताई दचकून वळली. "तासभर झाला. तू घोरत होतीस. एका कानानंही ऐकू आलं."

"काय म्हणाली डॉक्टर?"

"कोरडा आहे म्हणाली. आता सहा महिन्यांनी या." ताईनं कप पुढे केला. "तिथे एक बाई भेटली. तिच्या पोरीचा कान वाहतोय. म्हणे दुखत नाही तर कशाला उगाच कापायचं. तिच्याशी बोलत बसले, म्हणून उशीर झाला."

"मग?"

"मग काय, थांबली ती. मी तिचा नंबर येईपर्यंत बसले."

बाईंनी चहा घेतला. अजून पाच दिवस रजा होती. त्या म्हणाल्या, "मी परत झोपते जरा," आणि कप अर्धा ठेवून आत गेल्या.

सोमवारी त्या कामावर गेल्या तेव्हा बाकांवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. आठ दिवसांचं साचलं होतं. त्यांनी खोलीचं दार उघडलं, यंत्र सुरू केलं, हेडफोन कापसानं पुसले आणि पहिल्या माणसाला आत घेतलं.